म्हशीच्या मोलाचं धनुष्य

पार्सल फोडलं तेव्हा ओसरीवर सात-आठ माणसं जमली होती. लांबट खोक्यातून कागदाचे बोळे काढत गेलो आणि शेवटी जे हाती आलं ते बघून सगळे गप्प झाले. मधे मूठ, आणि दोन्ही पाती पुढच्या बाजूला वळून एकमेकींना भिडू पाहणारी. खेकड्याच्या नांग्यांसारखा आकार. "वाटंतच वाकडं झालं जणू," शेजारचा एकजण हळहळला. वाकडं झालं नव्हतं. शिंगाचं धनुष्य दोरी उतरवली की असं उलटं वळून बसतं. दोरी चढवायची तर त्याला आधी त्याच्या मनाविरुद्ध पुरतं पालथं करावं लागतं, आणि त्याची सगळी ताकद त्या पालथं होण्यातच असते. हे मी समजावून सांगत होतो, पण त्यात कुणाला रस नव्हता. तात्यांनी, म्हणजे माझ्या चुलत्यांनी, सरळ किंमत विचारली. मी दोनदा विषय टाळला. तिसऱ्यांदा सांगून टाकलं: कुरियर आणि कस्टम धरून 92,000 रुपये.

"एवढ्यात दुभती म्हस आली असती की रं."

"तात्या, ह्यात म्हशीचंच शिंग आहे."

तात्यांनी धनुष्य हातात घेतलं, आतल्या बाजूच्या काळ्या गुळगुळीत पट्टीवरून अंगठा फिरवला, वास घेतला. "म्हंजे म्हस देऊन शिंगं आणलीस म्हण की," म्हणाले आणि चहा मागवला.

त्या दिवशी मला उत्तर सुचलं नाही. ही पुस्तिका म्हणजे ते उत्तर आहे, जरा उशिरा आणि बरंच लांबलेलं. हातानं बनवलेलं, जुन्या पद्धतीचं, उंची धनुष्य एवढं महाग का असतं, आणि महाग असूनही माणसं त्यासाठी वर्ष-वर्ष वाट का बघतात, हे दोनच प्रश्न तिच्यात आहेत. नेम कसा धरावा हे शिकायचं असेल तर ही पुस्तिका उपयोगाची नाही. माझा स्वतःचा नेम फारसा सांगण्यासारखा नाही.

धर्मापुरीत आज कुणी धनुष्य बनवत नाही. आमचं गाव ओळखलं जातं ते केदारेश्वराच्या देवळासाठी. कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातलं हे देऊळ, बाहेरच्या भिंतींवर सुरसुंदरींच्या ओळी. गावाला लागून किल्ला, आणि त्याच्या तटात जुन्या देवळांचे कोरीव दगड चिणलेले. त्याच घराण्यातल्या तिसऱ्या सोमेश्वरानं बाराव्या शतकात 'मानसोल्लास' हा ग्रंथ रचला, आणि राजानं करमणूक कशी करावी हे सांगताना पहिल्या काही विनोदांतच शस्त्रविनोद घातला. म्हणजे ज्या काळात आमच्या देवळाचे दगड घडत होते त्या काळात धनुष्य हे युद्धाचं हत्यार तर होतंच, पण दरबारात कौतुकानं बघायची गोष्टही होती. मराठवाड्यात गावोगावी मारुतीसमोर, वेशीजवळ, शेंदूर फासलेले वीरगळ उभे असतात. त्यांवर तलवारीचे वीर असतात तसे धनुष्य ताणलेलेही असतात. आपण त्यांना नारळ फोडतो आणि पुढे जातो.

वस्तू गेली तरी शब्द राहिले, आणि ते फार हट्टी निघाले. वेशीची कमान, देवळाची कमान, घड्याळाची कमान. ट्रकच्या चाकांवर बसवतात ते कमानीचे पाटे. पाटा तुटला की भंगारात जातो आणि लोहाराच्या भट्टीतून त्याचा कोयता होऊन बाहेर पडतो. दसरा-दिवाळीनंतर आमच्या जिल्ह्यातली माणसं ऊसतोडीला निघतात ती तो कोयता घेऊन. नवरा-बायकोच्या जोडीलाही आमच्याकडे 'एक कोयता' म्हणतात, उचल त्या हिशेबानं मिळते. हत्यार आणि माणूस यांना एकच नाव, हे मला धनुष्याच्या बाबतीतही अनेकदा आठवतं. तोडणीला जाणारा माणूस लोहाराकडे दहा कोयते हातात घेऊन तोलतो आणि अकरावा निवडतो. त्याला तुम्ही 'हे कोयते सगळे सारखेच' असं सांगून बघा. या पुस्तिकेतली निम्मी गोष्ट त्याला न वाचताच कळेल.

माझं पहिलं धनुष्य निरगुडीच्या फोकाचं होतं. सुतळीची दोरी, तुराटीचे बाण, टोकाला बाभळीचा काटा. आम्ही त्याला तिरकमठा म्हणायचो. संध्याकाळपर्यंत फोक वाळायचा आणि वाक धरून बसायचा, मग दुसऱ्या दिवशी नवा. दुसरं धनुष्य पाहिलं ते पिंजाऱ्याचं. थंडीच्या तोंडाला तो गावात यायचा. खांद्यावर ती भली मोठी धनुकली, तिला ताणलेली तात, आणि लाकडी ठोकळ्यानं तातीवर मारलं की निघणारा तो घुमारा. दोन गल्ल्यांपलीकडून कळायचं की आज कुणाच्या तरी गाद्या उसवल्या. तात म्हणजे जनावराच्या आतड्यापासून केलेली दोरी हे मला फार उशिरा समजलं. पण ती ओली झाली की सैल पडते आणि पिंजारी चरफडतो, हे तेव्हाच पाहिलं होतं. पुढे 92,000 रुपये मोजून मी तेच पुन्हा शिकलो. ते यथावकाश.

शिंगाचं धनुष्य ही परदेशी कल्पना वाटते, तशी ती नाही. विष्णूच्या धनुष्याचं नाव शार्ङ्ग. शृंग म्हणजे शिंग, त्यापासून झालेलं ते शार्ङ्ग. मेहकरचा शारंगधर बालाजी, 1888 साली सापडलेली ती थोरली मूर्ती, तिचं नाव उकललं तर 'शिंगाचं धनुष्य धारण करणारा' असं निघतं. देवगिरीच्या यादवांच्या पदरी 'संगीतरत्नाकर' लिहिणारा शार्ङ्गदेव, त्याच्या नावातही तेच. आपण इतकी शतकं हे नाव घेतो आहोत आणि त्यात एक कारागिरीची नोंद दडलेली आहे, याची मला तरी चाळिशीपर्यंत कल्पना नव्हती. कौटिल्यानं अर्थशास्त्रात आयुधागाराच्या प्रकरणात धनुष्याचे प्रकार त्यांच्या द्रव्यावरून सांगितले आहेत: ताडाचं, बांबूचं, लाकडाचं आणि शिंगाचं. दोरीसाठी त्यानं दिलेली यादी तर मराठवाड्याच्या बांधावरून फिरून केल्यासारखी आहे. मूर्वा म्हणजे मोरवेल, अर्क म्हणजे आपली रुई, शण म्हणजे ताग, शिवाय बांबू आणि जनावरांचे स्नायू. रुईला आम्ही शनिवारी मारुतीच्या गळ्यात घालण्यापलीकडे काही काम दिलेलं नाही.

आणि शिंगं? त्यांची तर आमच्याकडे सुबत्ता आहे. बीड, परभणी, नांदेड, लातूर हा मराठवाडी म्हशीचा पट्टा. या जातीची शिंगं लांब, मागे मानेला समांतर जाऊन खांद्यापर्यंत पोचणारी. पंढरपुरीची तर त्याहून लांब, तलवारीसारखी. कोरियातल्या धनुष्यकारांना पाणम्हशीचं शिंग शतकानुशतकं बाहेरच्या देशांतून आणावं लागलं, कारण त्यांच्याकडे अशी म्हैस नाही. शिंग मिळालं नाही तर धनुष्य नाही, इतकी ती अडचण होती. आमच्याकडे म्हैस मेली की शिंगं उकिरड्याच्या कडेला पडतात आणि पोरं त्यांना लाथाडतात. हाळी-हंडरगुळीच्या बाजारात तासाभरात जेवढी शिंगं डोळ्यांखालून जातात तेवढी एखाद्या तुर्की कारागिराला जन्मभर पुरली असती.

तर मग फुकटचं शिंग आणि लाखाचं धनुष्य यांच्या मधे काय आहे? तात्यांचा प्रश्न नेमका हाच होता.

मधे आहे ते असं. धनुष्य वाकतं तेव्हा त्याची पाठ, म्हणजे नेमाच्या दिशेची बाजू, ताणली जाते, आणि पोट, म्हणजे आपल्याकडची बाजू, दाबली जाते. एकाच लाकडाचं धनुष्य केलं तर दोन्ही कामं त्या एकट्यानं करायची. म्हणून ते लांब ठेवावं लागतं. 1545 साली बुडालेलं आणि 1982 साली समुद्रातून वर काढलेलं 'मेरी रोज' हे इंग्रजी लढाऊ जहाज, त्यात शंभरावर अखंड धनुष्यं मिळाली, सगळी यू या झाडाच्या लाकडाची आणि माणसाहून उंच. घोड्यावर बसणाऱ्याला एवढं लांब धनुष्य काय कामाचं? त्यामुळे आशियातल्या घोडेस्वारांनी कामाची वाटणी केली. दाबलं जायचं ते शिंगानं, ताणलं जायचं ते कंडरांनी. कंडरा म्हणजे जनावराच्या पायातली ती पांढरी चिवट शीर. लाकूड किंवा बांबू मधे फक्त दोघांना धरून ठेवायला. शिंग लाकडापेक्षा कितीतरी जास्त दाब सोसून पुन्हा मूळ जागी येतं, कंडरा तुटायच्या आधी कितीतरी ताणली जाते. परिणामी चार फुटांच्या आसपासचं धनुष्य सहा फुटांच्या लाकडी धनुष्याचं काम करतं, बऱ्याचदा त्याहून चांगलं.

सांगायला हे सोपं आहे. करायला बसलं की एकेक गोष्ट आडवी येते. एका शिंगाच्या बाहेरच्या वळणातून कामाची अशी एकच लांब पट्टी निघते, म्हणून धनुष्याच्या दोन पात्यांना दोन शिंगं लागतात, आणि ती शक्यतो एकाच जनावराची, नाहीतर एक पातं कडक आणि एक मऊ. पट्टी गरम करून सरळ करायची, तिच्यावर आणि लाकडावर बारीक खाचा पाडायच्या, म्हणजे सरस धरायला जागा मिळते. सरस म्हणजे तोच, कातडी-हाडं उकळून केलेला. फेव्हिकॉल यायच्या आधी आमच्या सुताराच्या दुकानात डब्यात शिजत असायचा आणि त्याच्या वासानं गिऱ्हाईक बाहेरच उभं राहायचं. शिंग लाकडाला चिकटवून सुतळीनं करकचून बांधायचं आणि विसरून जायचं. मग कंडरा. वाळलेली कंडरा हातोडीनं कुटून कुटून तिचे केसासारखे धागे करायचे, फणीनं विंचरायचे, कोमट सरसात भिजवून पाठीवर एकेक जुडी बसवायची. एक थर झाला की वाळू द्यायचा. मग दुसरा. वाळताना कंडरा आक्रसते आणि धनुष्याला पाठीकडे ओढत जाते. ओसरीवर सगळ्यांना वाकडं वाटलेलं ते रूप हेच. सगळे थर चढले की महिनोन्‌महिने टांगून ठेवायचं. चांगला कारागीर वर्षाच्या आत धनुष्याला दोरी लावायला तयार होत नाही.

त्यानंतर येतं सगळ्यात नाजूक काम, वाक जुळवणं. दोरी चढवून थोडं ओढायचं, लांबून बघायचं, जे पातं जास्त वाकतं त्याच्या विरुद्ध बाजूचं शिंग कानशीनं किंचित उतरवायचं, पुन्हा ओढायचं. उतरवलेलं परत चढवता येत नाही. इथे डोळा चुकला तर वर्ष गेलं. आणि सरसाखाली कुठेतरी तांदळाएवढी हवा राहिली असेल तर डोळा चुकला नाही तरी वर्ष गेलं, पहिल्याच ओढीला पट्टी उकलून कानाजवळून जाते.

किंमत या सगळ्याची आहे. पण माझ्या मते लोक हिशेब चुकीच्या जागी करतात. ते तास मोजतात आणि म्हणतात, एवढ्या तासांची एवढी मजुरी होत नाही. तास फार नसतातच. पण ते वर्षभर पसरलेले असतात, आणि त्या वर्षात कारागिराला जेवायचं असतं. शेतकऱ्याला हे सांगावं लागत नाही. कापसाला हात किती दिवस लागले आणि कापूस किती दिवस शेतात होता, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिवाय उकललेल्या, पीळ पडलेल्या, तडकलेल्या धनुष्यांचा खर्च उरलेल्या चांगल्यांवर बसतो. माझ्या 92,000 मधे मी न पाहिलेल्या दोन-तीन मेलेल्या धनुष्यांचे पैसे आहेत, याची मला खात्री आहे.

थोडी किंमत नावाची असते, हेही लपवत नाही. जुन्या पद्धतीची शिंगाची धनुष्यं परदेशी बाजारात साधारण हजार डॉलरपासून पुढे जातात आणि नावाजलेल्या हाताची असली तर कुठवर जातील सांगता येत नाही. अमेरिकेत लाकडाच्या पातळ पट्ट्यांवर फायबर ग्लास चढवून ऑर्डरप्रमाणे बनवलेली धनुष्यंही हजार-दीड हजार डॉलरला विकली जातात. त्यांत मुठीला शिसव, अक्रोड, कसलं कसलं दुर्मीळ लाकूड असतं. त्यानं बाण एक इंचही पुढे जात नाही. हा प्रकार जुनाच आहे म्हणा. 'आइन-इ-अकबरी'त बादशाही शस्त्रागारातल्या हत्यारांच्या किमतींची यादी आहे. तिच्यात कमान रुपयाच्या अंशापासून सुरू होते आणि मोहरांपर्यंत चढते. सोन्याच्या वेलबुट्टीनं शत्रू लवकर मरत नाही हे ती यादी देणाऱ्या अबुल फजललाही माहीत असणार.

मग याच बाजूनं एक अवघड प्रश्न येतो, आणि तो मी टाळणार नाही. दहा-पंधरा हजारांत आज फायबर ग्लासचं, दिसायला अगदी तुर्की-मंगोल वाटणारं धनुष्य मिळतं. ते पावसात भिजवा, उन्हात ठेवा, वर्षभर खुंटीला विसरा, त्याला काही होत नाही. बाणाचा वेगही जवळपास तेवढाच. हंगेरीच्या लायोश कशाईनं घोड्यावरची तिरंदाजी पुन्हा उभी केली ती अशाच नव्या मालाच्या धनुष्यांवर. मग शिंग कशाला?

आणि दुसरा त्याहून अवघड. नंदुरबार जिल्ह्यात धडगाव, अक्कलकुवा, तोरणमाळच्या डोंगरांत भिल्लांच्या घरी आजही बांबूचं धनुष्य असतं. भरीव बांबू, ज्याला आपण मानवेल म्हणतो, त्याची तासून केलेली कांब, आणि दोरीसुद्धा बांबूच्याच चिवट सालीची. सगळं धनुष्य एकाच बेटातून आलेलं. पुण्या-मुंबईच्या छंदी मंडळींच्या गप्पांत 'पारंपरिक तिरंदाजी' हा शब्द फार येतो आणि त्यात तुर्की येतं, कोरियन येतं, जपानी येतं. सातपुड्यातलं क्वचित येतं. ते काहीशे रुपयांचं आहे हाच त्याचा दोष. मला हे खटकतं. परंपरा ती, जी कुणीतरी अजून रोज जगतंय. त्या न्यायानं महाराष्ट्रातलं खरं पारंपरिक धनुष्य भिल्लाच्या दारामागे टांगलेलं आहे आणि माझं 92,000 चं धनुष्य ही हौस आहे. या पुस्तिकेतलं सगळ्यात मोठं प्रकरण म्हणून सातपुड्यावर आहे, शिंगावर नाही.

भिल्ल बाण धरताना अंगठा लावत नाहीत, तर्जनी आणि मधल्या बोटात धरतात, आणि त्याचं कारण विचारलं तर एकलव्य सांगतात. तुर्क, मुघल, कोरियन दोरी ओढतात ती अंगठ्यानंच, त्यासाठी अंगठ्यात शिंगाची, हाडाची, शाहजहानसारख्याच्या हातात जेडची अंगठी असते. द्रोणाचार्यांनी मागितला तो अंगठा. बाकीची चार बोटं त्यांनी का मागितली नाहीत, याचा विचार मी अंगठ्यानं दोरी ओढायला शिकलो त्या आठवड्यात पहिल्यांदा केला. असो.

आता आपल्या मुलांचं धनुष्य. 2023 साली बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी सतराव्या वर्षी जगज्जेती झाली आणि नागपूरच्या ओजस देवतळेनं अंतिम फेरीत 150 पैकी 150 गुण घेतले, तेव्हापासून आमच्याकडेही पालक विचारतात, मुलाला तिरंदाजी लावू का, सामानाला किती लागतील. त्यांच्या हातातलं कंपाउंड धनुष्य म्हणजे चाकं, तारा आणि धातूचं यंत्र, ऑलिंपिकमधलं रिकर्व्ह वेगळं. दोन्हींचा पूर्ण संच लाखांत जातो. पण सुरुवात तिथून होत नाही. आपल्या राष्ट्रीय स्पर्धांत 'इंडियन राउंड' नावाचा एक प्रकार आहे, त्यात देशी बनावटीचं बांबूचं किंवा लाकडाचं धनुष्य चालतं, आणि ते काही हजारांत येतं. राजस्थानातला लिंबा राम, झारखंडची दीपिका कुमारी, यांची सुरुवात बांबूवरच झाली. लिंबा राम पुढे 1992 च्या बार्सिलोना ऑलिंपिकपर्यंत पोचला. पालकांना माझं सांगणं: मुलाला बांबूचं घ्या. शिंगाचं धनुष्य मुलासाठी घेऊ नका. ते वडिलांच्या हौशीसाठी असतं आणि तसंच सांगून घ्यावं.

आपल्याकडे ही कला का बुडाली? एक कारण सगळ्यांना माहीत आहे, बंदूक. धनुर्धर तयार व्हायला वर्षं लागतात, बंदूकधारी महिन्या-दोन महिन्यांत उभा राहतो. दुसरं कारण आपलं हवामान. पावसाळ्यात सरस ओल धरतो आणि शिंगाची कमान मऊ पडते. म्हणून तर हिंदुस्थानात चक्क पोलादाच्या कमानी बनल्या. मारा कमी, पण कोठारात वर्षानुवर्षं पडून राहिल्या तरी बिघडत नाहीत. तिसरं कारण मला कायद्याचं पुस्तक चाळताना सापडलं. 1878 च्या इंग्रजी शस्त्र कायद्यात 'शस्त्रं' या शब्दाच्या व्याख्येत बंदुका-तलवारींसोबत धनुष्य-बाणही आहेत. आधीच गिऱ्हाईक गेलेल्या कारागिराला तेवढंही पुरे झालं असेल. ज्यांच्याकडे कला टिकली त्यांनी ती मुद्दाम टिकवली. कोरियानं 1971 साली धनुष्य-बाण घडवण्याची कला राष्ट्रीय वारसा म्हणून नोंदवली. जपानमधलं मियाकोनोजो हे शहर अजून बांबूची सात फुटी धनुष्यं बनवतं. पट्ट्या दोरानं बांधून शंभरावर पाचरी ठोकत त्यांना वाक देतात. 1994 साली सरकारनं त्या कारागिरीला मान्यता दिली. तुर्कस्तानची तिरंदाजी 2019 मध्ये युनेस्कोच्या यादीत गेली. आपण मूर्तीच्या नावात शार्ङ्ग ठेवलं आणि निश्चिंत झालो.

परत 'शिंग कशाला' या प्रश्नाकडे. याचं उत्तर मला माझ्या चुकीतून मिळालं. धनुष्यासोबत कारागिरानं एक चिठ्ठी पाठवली होती: कोरड्या, उबदार जागी ठेवा. मराठवाड्यात राहणाऱ्या माणसाला कोरडेपणाबद्दल कुणी काय सांगावं, या गुर्मीत मी ती नीट वाचली नाही. धनुष्य बैठकीत खिळ्याला टांगलं. आल्यागेल्याला दिसावं हा हेतू. त्या वर्षी भाद्रपदात अशी झड लागली की सलग आठ-नऊ दिवस सूर्य नाही. नवव्या दिवशी दोरी चढवायला गेलो तर खालचं पातं कडेला कललं. पीळ पडला होता. कारागिराला लिहिलं. त्याचं उत्तर दोन ओळींचं: दोरी लावू नका, पेटीत घालून महिनाभर शेक द्या. कोरियात यासाठी खास पेटी असते, शेगडीसारखी कोमट. मी गव्हाच्या जुन्या पेटीत 40 वॅटचा बल्ब लावला, थर्मामीटर टांगलं, आणि रोज सकाळ-संध्याकाळ झाकण उघडून बघू लागलो. "अंडी किती घातलीत?" घरातून विचारणा झाली. महिन्यानं पातं सरळ झालं. अगदी पहिल्यासारखं नाही, डोळ्याला जाणवतो तेवढा फरक आहे. पण मधल्या काळात मला हवेतली ओल कळू लागली. कोणत्या दिवशी दोरी चढवायची, कोणत्या दिवशी नाही, आधी किती चोळून ऊब द्यायची, किती बाण झाले की उतरवायची. पिंजाऱ्याच्या चरफडण्याचा अर्थ कळला. फायबर ग्लासनं मला यातलं काहीच विचारलं नसतं.

बाण सुटतानाची गोष्टही सांगायला हवी, कारण शेवटी माणूस तिच्यासाठी पैसे मोजतो. चांगलं शिंगाचं धनुष्य ओढताना सुरुवातीलाच जड लागतं, आणि हात हनुवटीशी येईपर्यंत जड होत जाण्याऐवजी जणू थांबून वाट बघतं. टोकाचे ताठ कान तरफेसारखे उघडतात म्हणून तसं होतं. सुटताना हाताला धक्का जवळजवळ नाही. पाती हलकी, त्यांच्यातली जवळपास सगळी ताकद बाण घेऊन जातो, हातासाठी मागे काही राहत नाही. मी हे पहिल्यांदा अनुभवलं तेव्हा बाण लक्ष्यापासून दीड हात बाजूला बांधाच्या मातीत गेला होता, आणि मला त्याचं काही वाटलं नाही.

पुस्तिकेचा आराखडा थोडक्यात. सुरुवातीला शब्द आणि वीरगळ, मग झाडं: बांबू, आणि ज्याच्या संस्कृत नावातच धनुष्य आहे ती धामण. मग सातपुडा, मग शिंग, आणि शेवटी काय घ्यावं, कितीला घ्यावं आणि कुठे फसू नये. गावातल्या सुतारानं सरस शिजवून दाखवला, बुरूड आळीतल्या आजोबांनी बांबू कधी तोडावा आणि गाठ कुठे ठेवावी ते सांगितलं. त्यांची नावं त्यांच्याच सांगण्यावरून इथे नाहीत.

एक गोष्ट राहिली. गेल्या उन्हाळ्यात तात्यांची म्हातारी म्हैस गेली. आठ वेतं दिलेली, शिंगं खांद्यापर्यंत. चार दिवसांनी तात्या पोतं घेऊन आले आणि ओसरीवर रिकामं केलं. "घे. आता ह्याचं कर." दोन्ही शिंगं आढ्याला टांगून वाळवली. एकाला मुळाशी चीर आहे, पण पट्टी तिच्या वरून निघेल. धामणीचं लाकूड मिळालं आहे, कंडरा कुटून झाल्या आहेत, दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की पहिला थर. तात्या दर सोमवारी परळीहून वैजनाथाचं दर्शन घेऊन येताना डोकावतात आणि वर बघून विचारतात, "झालं का?"

"वर्ष लागंल, तात्या. जास्तच."

"म्हस बी धा म्हयन्यात व्याती," म्हणतात आणि चहा मागवतात.